वाढणाऱ्याची नजर

"ताई, भिंतींचे, भांड्यांचे, माझ्या ओट्याचे हवे तेवढे फोटो काढा. पण पोरं जेवायला बसली की त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नका. जेवणाऱ्याकडे असं टक लावून बघत नसतात." सदाशिव पेठेत मेस चालवणाऱ्या एका काकूंनी हे वाक्य परातीतली कणीक मळता मळता, आवाज जराही न चढवता सांगितले आणि त्या पुन्हा आपल्या कामात गुंतल्या. मी आणि माझा छायालेखक मित्र लघुपटासाठी जागा पाहत पेठांमधून हिंडत होतो. संध्याकाळची पहिली पाळी नुकतीच बसत होती, अभ्यासिकांमधून सुटलेली मुले पाठीवरच्या सॅक भिंतीशी टेकवून बाकांवर सरकत होती आणि मित्राने सवयीने कॅमेरा डोळ्याला लावला होता. त्याने तो लगेच खाली घेतला. आम्ही खोलीची मापे घेतली, खिडकी कोणत्या दिशेला उघडते ते टिपून ठेवले, काकूंचा निरोप घेतला आणि बाहेर पडलो. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आले, आणि त्यानंतर फिल्मचे दृश्यरूप ठरवताना जो जो प्रश्न समोर आला, त्या प्रत्येकाच्या मुळाशी मला तेच सापडत गेले.

गोष्ट अगदी छोटी आहे. राज्यसेवेची तयारी करणारा एक मुलगा आहे. पूर्व परीक्षा पार पडली, मुख्य परीक्षेचा निकाल लागला आणि मुलाखतीसाठी निवडलेल्यांच्या यादीत त्याचे नाव नाही. वय उलटत चालले आहे, घरून येणारे पैसे थांबले आहेत, आणि उद्या पहाटेच्या एसटीने तो गावी परत जाणार आहे. आज रात्री जेवून त्याला मेसचा हिशेब चुकता करायचा आहे. काकूंना सगळे ठाऊक आहे, कारण निकालाच्या दिवशी पेठेत कोणी कोणाला काही सांगावे लागत नाही. त्या विचारत नाहीत, तो सांगत नाही. पोळ्या वाढल्या जातात, ताट उचलले जाते, वहीत एका नावावर रेघ ओढली जाते. संहितेतले सगळे संवाद एकत्र केले तर पानभर भरणार नाहीत, त्यामुळे अठरा मिनिटांचा जवळजवळ सगळा भार चित्रावर आहे, आणि ते चित्र कसे असावे हे ठरवणे म्हणजेच ही गोष्ट सांगणे आहे.

अशा वेळी छायालेखक आणि दिग्दर्शक सर्वांत आधी करतात तेच आम्ही केले. संदर्भासाठी चित्रे गोळा केली. मित्राने निवडलेली चित्रे उत्तम होती. खिडकीतून तिरप्या येणाऱ्या उन्हात बसलेली माणसे, अर्धा चेहरा अंधारात बुडालेली एक बाई, पिवळ्याधमक उजेडात गालावर थांबलेला अश्रू. मी ती भिंतीवर ओळीने लावली आणि बराच वेळ त्यांच्यासमोर बसून राहिले. काही वेळाने लक्षात आले की त्यांतली जवळजवळ प्रत्येक चौकट चेहऱ्याची आहे. दुःख दाखवायचे म्हणजे चेहऱ्याच्या जवळ जायचे, आणि दुःख जितके मोठे तितके अधिक जवळ जायचे, हा समज आपल्या सर्वांच्याच अंगवळणी पडला आहे. मालिकांनी तो पक्का केला, मोबाइलच्या पडद्याने तो आणखी घट्ट केला. चेहरा हे सिनेमाचे मोठे सामर्थ्य आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण आमच्या गोष्टीतल्या मुलाला आज रात्री एकच गोष्ट हवी आहे, ती म्हणजे कोणी आपल्या चेहऱ्याकडे पाहू नये. ज्याला लपायचे आहे त्याच्या नाकासमोर लेन्स नेऊन ठेवायची आणि त्याला संवेदनशील चित्रीकरण म्हणायचे, हे मला पटेना.

मी बार्शीहून शिकायला पुण्यात आले तेव्हा अशाच एका मेसमध्ये जेवत असे. तिथे भिंतीवर पाटी होती, 'जेवण झाल्यावर आपले ताट आपण उचलावे', आणि तो नियम मोडलेला मी कधी पाहिला नव्हता. माझ्या खोलीवर राहणाऱ्या एका मैत्रिणीला एका रात्री जेवणाआधी घरून वाईट बातमीचा फोन आला. ती तरीही आमच्याबरोबर येऊन बसली, कारण खोलीवर एकटे बसण्यापेक्षा ते बरे होते. तिथल्या काकूंनी तिला काही विचारले नाही. नेहमीप्रमाणे दोन पोळ्या न वाढता अर्धीच वाढली, भातावर तूप थोडे जास्त सोडले, आणि तिने घास नुसताच ताटात फिरवला आहे हे दिसल्यावर मागून येऊन, न बोलता, तिच्यासमोरचे ताट स्वतः उचलून नेले. पाटीवरचा नियम त्या एका ताटापुरता गळून पडला. आमच्या फिल्ममध्ये जी एकमेव घटना घडते ती हीच आहे. ती लिहिताना मी त्या काकूंचा चेहरा आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण मला आठवतो तो त्यांचा हात, मनगटावरच्या बांगड्यांच्या खाली चिकटलेले पीठ, आणि ताट उचलताना वाटीतली आमटी सांडू नये म्हणून दिलेला अंगठ्याचा आधार.

त्याच्याही मागे पंगतीची आठवण आहे. लग्नकार्यात आम्हा मुलींच्या हाती मीठ किंवा लिंबाच्या फोडी देऊन वाढायला उभे केले जाई, तेव्हा आजी बजावून सांगत असे की वाढताना ताटाकडे पाहावे, माणसाकडे पाहू नये. डाव्या हाताला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजव्या हाताला भाजी, मध्ये वरणभाताची मूद, हे ताटाचे चित्र डोळ्यांत बसले की रांगेतून चालताना कुठे काय संपले आहे ते आपोआप दिसते. कोणी किती खाल्ले, कोणाला काय आवडले नाही, कोणाचे मन जेवणात नाही, हे सगळे वाढणाऱ्याला कळते, आणि जेवणाऱ्याला आपण पाहिले गेलो असे वाटत नाही.

आमच्या कॅमेऱ्याला हीच नजर द्यायची, असे मी ठरवले.

ठरवणे एका ओळीत होते, ते यादीत उतरवणे मात्र कठीण. पहिला प्रश्न उंचीचा आला. जपानी दिग्दर्शक ओझू यांनी आपला कॅमेरा जमिनीलगत ठेवला आणि वर्षानुवर्षे बहुतेक सगळे काम पन्नास मिलिमीटरच्या एकाच लेन्सवर केले, हे सिनेमा शिकणारा प्रत्येक विद्यार्थी ऐकतो. जिथे माणसे चटईवर बसून जेवतात, बोलतात, निरोप घेतात, त्या घराची उंचीच वेगळी असते आणि कॅमेऱ्याने ती मान्य करावी लागते. आमच्या मेसमध्ये बाक आणि टेबले आहेत, मुले बसलेली आहेत आणि काकू उभ्या आहेत. त्या उभ्या माणसाला काय दिसते? केसांचे भोवरे, मानेवरचे घामाचे थेंब, वाकलेले खांदे आणि ताटे. बसलेल्या माणसाला काय दिसते? हात, डाव, कमरेला खोचलेला पदर, पोळ्यांचा डबा. दोघांच्या नजरा एकमेकींना छेदतात, पण भिडत नाहीत. म्हणून आम्ही संपूर्ण फिल्मसाठी दोनच उंची ठरवल्या: काकूंच्या डोळ्यांची आणि मुलाच्या डोळ्यांची. काकूंच्या उंचीवरून मुलाचा चेहरा पूर्ण दिसणार नाही, कपाळ आणि नाकाचा शेंडा तेवढा दिसेल. मुलाच्या उंचीवरून काकूंचा चेहरा चौकटीच्या वरच राहील. एरवी दोन माणसांच्या प्रसंगात आधी मास्टर, म्हणजे दोघे एकत्र दिसणारा सबंध प्रसंग घ्यायचा, मग एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचे सजेशन, मग उलट सजेशन, मग दोघांचे क्लोज, म्हणजे अगदी जवळून चेहरे, ही वहिवाट आहे. ती इथे वापरली असती तर पहिल्याच मिनिटाला दोघांचे डोळे एकमेकांना भेटले असते आणि पुढची सतरा मिनिटे सांगण्यासारखे काही उरले नसते.

उंची ठरली आणि तिच्याबरोबर चौकटीचा आकारही ठरून गेला. मित्राच्या मनात सिनेमास्कोपची रुंद चौकट होती. ती मैदानाला, रस्त्याला, रांगेला शोभते, पण उभी बाई आणि तिच्या कोपराशी बसलेला मुलगा तिच्यात एकत्र मावत नाहीत. कोणाचे तरी डोके कापावे लागते, नाहीतर इतके मागे जावे लागते की बारा फूट रुंदीच्या खोलीची भिंत पाठीला लागते. चारास तीनची जुनी चौकट घेतली तर उंची मिळते, दाराचा आकार तिच्यात नीट बसतो आणि बाजूच्या बाकांवरच्या मुलांची गर्दी आपोआप कडेला जाते. मोबाइलवर पाहताना दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, त्याला इलाज नाही. लेन्सविषयी फारसा वाद झाला नाही. लांब पल्ल्याच्या लेन्ससाठी खोलीत जागा नाही, आणि फार रुंद लेन्स जवळ नेली की माणसाचे नाक आणि डाव दोन्ही बेढब दिसतात. पस्तीस आणि पन्नास, एवढ्यावर काम भागेल.

सगळ्यांत लांबलेली चर्चा उजेडाची होती, आणि ती लांबावी असाच तो विषय आहे. त्या खोलीत तीन ट्यूबलाइट आहेत. दोन नव्या एलईडीच्या आणि एक जुनी, चोकवाली, जिचे टोक काळे पडले आहे आणि जी सुरू होताना दोनदा डोळे मिचकावते. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास फेऱ्या घेते, त्यामुळे अशी चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंदावते आणि उजळते. डोळ्याला ते कळत नाही, पण सेकंदाला चोवीस चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्याला कळते आणि पडद्यावर उजेड थरथरू लागतो. त्यावरचा उपाय छायालेखकांना पाठ असतो. चौकट किती वेळ उघडी राहते ते ठरवणारे शटर नेहमीच्या 180 अंशांऐवजी 172.8 अंशांवर आणले की प्रत्येक चौकट बरोबर सेकंदाचा पन्नासावा भाग उघडी राहते आणि थरथर थांबते. त्या ट्यूबचा रंग मात्र असा सहज सुटत नाही. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका तो पिवळा, मोठा तितका निळा. एलईडीच्या पांढऱ्या ट्यूबवर 6500 केल्विन छापलेले असते, म्हणजे दुपारच्या उन्हापेक्षाही निळसर. जुन्या ट्यूबमध्ये हिरवट झाक असते. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेवर हा उजेड पडला की माणूस आजारी दिसतो. मित्राचा पहिला विचार साहजिक होता: सगळ्या ट्यूब काढाव्यात, पिवळे दिवे टांगावेत, 3200 केल्विनच्या उबदार उजेडात खोली न्हाऊ द्यावी, माणसे सुंदर दिसतील.

माणसे सुंदर दिसतील हे खरे होते. पण त्या पिवळ्या उजेडात मेस एखाद्या जुन्या आठवणीसारखी दिसली असती, आणि या मुलासाठी ती अजून आठवण झालेली नाही, तो आज रात्री तिथे बसून जेवतो आहे. पेठेतल्या मुलांचे आयुष्य ट्यूबच्या उजेडात जाते. अभ्यासिकेत ट्यूब, खोलीवर ट्यूब, झेरॉक्सच्या दुकानात ट्यूब, मेसमध्ये ट्यूब. रात्री दोन वाजता पुस्तकावर पडणारा तो पांढरा, सपाट, कोणालाच न उजळवणारा उजेड मला या गोष्टीतून काढून टाकायचा नव्हता. मी मित्राला सत्यजित राय यांचे छायालेखक सुब्रत मित्र यांची आठवण करून दिली. 1956च्या 'अपराजितो'मध्ये काशीच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले होते. अंगणात उजेड वरून, आकाशातून येतो आणि त्याला टोकदार सावली नसते, हे त्यांनी आधी पाहिले, आणि मग सेटवर पांढरे कापड ताणून त्यावर दिवे मारून तो परतलेला उजेड खाली सोडला. घरात उजेड कसा येतो हे पाहणे आधी, दिवा लावणे नंतर. आपल्याकडच्या प्रत्येक सेटवर आज थर्माकोलचे पांढरे तक्ते उजेड परतवायला उभे असतात, आणि मला त्यांच्याकडे पाहिले की ते कापड आठवते.

मग मधला मार्ग सापडला तो काकूंच्याच घरात. जेवणाच्या खोलीत ट्यूब आहेत, पण आतल्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर अजून एक जुना पिवळा बल्ब जळतो, आणि त्याच्या जोडीला गॅसची आच. दोन्हींच्या मध्ये दार आहे, दाराला अर्धा पडदा आहे. कॅमेऱ्याचा रंगमेळ, म्हणजे कोणता उजेड त्याने पांढरा मानायचा ते, 4300 केल्विनच्या आसपास ठेवला तर बाहेरची खोली किंचित निळी आणि आतली किंचित पिवळी दिसेल, आणि डबा घेऊन उंबरठा ओलांडणाऱ्या काकूंच्या अंगावर प्रत्येक फेरीत तो रंग बदलेल. आत शिरताना हातावर पिवळसर ऊब, बाहेर येताना तिच्यावर ट्यूबचा पांढरा थर. मुलाच्या अंगावर हा पिवळा उजेड कधीच पडत नाही, शेवटी हिशेबासाठी तो दाराशी येऊन उभा राहतो तेव्हाच त्याच्या बाहीच्या कडेला तो लागतो. मित्राने ट्यूबच्या त्याच पट्ट्यांत रंग नीट दाखवणाऱ्या, चित्रीकरणासाठीच्या ट्यूब बसवायचे सुचवले आणि मी आनंदाने होकार दिला. उजेडाचा स्वभाव तोच राहील, त्वचेवरची हिरवी झाक जाईल. टोक काळे पडलेली चोकवाली ट्यूब मात्र कोपऱ्यात आहे तशीच राहील.

उजेडाविषयी बोलताना हळदणकरांचे ते चित्र निघाले नसते तरच नवल. हातात समई घेतलेली, दुसऱ्या हाताने ज्योत झाकणारी ती मुलगी म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी आपल्या मुलीला उभे करून ती रंगवली, तरीही कित्येक जण अजून ते चित्र राजा रविवर्म्याचे समजतात. आमच्या घरी त्याची छापील प्रत होती आणि लहानपणी मला वाटे की समई खरोखर पेटलेली आहे. पुढे कळले की ते जलरंगातले आहे, आणि जलरंगात सर्वांत उजळ जागा रंगाने भरायची नसते, तिथला कागद राखायचा असतो. चित्रकाराला सुरुवातीलाच ठरवावे लागते की कुठे हात लावायचा नाही. नंतर तो उजेड परत आणता येत नाही. मी आमच्या शॉटच्या यादीत तसे राखीव कागद शोधू लागले. मुलाने निकाल पाहिला तो क्षण आम्ही घेणार नाही. त्याने घरी केलेला फोन घेणार नाही. काकू आतल्या खोलीत क्षणभर थांबतात तेव्हा कॅमेरा आत जाणार नाही, बाहेर पडद्याखालून त्यांची पावले दिसतील, ती थांबतील आणि पुन्हा चालू लागतील.

स्टीलची ताटे हे छायालेखकाचे मोठे दुखणे असते. प्रत्येक ताटात वरच्या ट्यूबची पांढरी रेघ उमटते, कधी कॅमेरा उमटतो, कधी बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, धरून उभा असलेला माणूस. काचेवरची किंवा पाण्यावरची चकाकी कमी करणारा पोलरायझर उघड्या धातूवर चालत नाही. वस्तू निस्तेज करणारा फवारा जेवणाच्या ताटावर मारता येत नाही. मित्र वैतागला होता. आम्ही घरी टेबलावर ट्यूबखाली ताट ठेवून पाहत बसलो, तेव्हा एक गोष्ट दिसली. रिकामे ताट वरचा उजेड परतवते आणि तो समोर बसलेल्याच्या हनुवटीखाली, गळ्यावर पडतो. ताट भरलेले असले की तो उजेड भातात, आमटीत मुरून जातो. म्हणजे मेसमध्ये जेवणाऱ्या प्रत्येक मुलाचा चेहरा जेवण सरत जाईल तसा खालून किंचित उजळत जातो. बाकीच्या मुलांचे चेहरे असे उजळत जातील. आमच्या मुलाचे ताट भरलेलेच राहते, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावरची सावली आहे तिथेच राहील. हा फरक फार सूक्ष्म आहे, बहुतेक प्रेक्षकांना तो वेगळा काढून दाखवता येणार नाही. तरी त्या संध्याकाळी ताट हलवत हलवत आम्ही जो वेळ घालवला तो मला या संपूर्ण तयारीतला सर्वांत समृद्ध वेळ वाटतो. वाफेचेही असेच आहे. भाताची वाफ डोळ्याला सहज दिसते, कॅमेऱ्याला ती दिसण्यासाठी तिच्या मागे काळोख लागतो आणि उजेड तिच्या पाठीमागून यावा लागतो. म्हणून पातेले दाराच्या चौकटीत ठेवले आहे, मागे पडद्याची सावली, आणि पिवळा बल्ब वाफेच्या पलीकडे.

रंगांविषयी थोडक्यात. भिंतींना खालपर्यंत पिस्ता रंगाचा ऑइलपेंट आहे, वर चुना. मेसमध्ये प्रत्यक्षात लाल, निळे, केशरी असे प्लास्टिकचे जग आणि ग्लास असतात. ते आम्ही काढून स्टीलचे ठेवणार आहोत, कारण चौकटीत ठळक रंग फक्त अन्नाचा असावा असे मला वाटते: वरणातली हळद, उसळीवरची तर्री, कोशिंबिरीतली कोथिंबीर. हा बदल वास्तवाशी पूर्ण प्रामाणिक नाही, आणि तो मी जाणूनबुजून करते आहे. कालनिर्णय मात्र भिंतीवर राहील. ते काढले तर ती मराठी माणसाची खोली राहत नाही.

कॅमेरा हलणार की नाही, हा प्रश्न काकूंनीच सोडवला. वाढणारा माणूस ताटामागून ताटाकडे चालतो, थांबतो, वाकतो, पुढे जातो. तेवढीच चाल कॅमेऱ्याला असेल. ट्रॉली रांगेच्या समांतर, चालीच्या वेगाने, प्रत्येक ताटापाशी सारख्याच वेळासाठी थांबणारी. आमच्या मुलाच्या ताटापाशी ती इतरांपेक्षा जास्त थांबणार नाही. ही अट पाळणे मला फार महत्त्वाचे वाटते. प्रेक्षकाला त्याच्यापाशी रेंगाळावेसे वाटेल आणि कॅमेरा पुढच्या ताटाकडे निघून जाईल. काकूंना अजून बारा जणांना वाढायचे आहे.

आवाजाचा विचार चित्राबरोबरच करायला हवा, नाहीतर संकलनाच्या वेळी कोणीतरी सतारीची एक करुण तान आणून टाकते. प्रभात कंपनीने 1937 साली 'कुंकू' केला तेव्हा शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत वापरले नाही, प्रसंगात जे आवाज घडतात तेवढेच ठेवले. ज्या आवारात तो घडला तिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि आमची मेस तिथून फार दूर नाही. माझ्या यादीत आवाज असे आहेत: पंख्याची कुरकुर, कुकरची शिट्टी, बेसिनमध्ये पडणारी ताटे, शेजारच्या टेबलावर चालू घडामोडींवरचा वाद, आणि पोळी ताटात पडताना होणारा तो मऊ, जवळजवळ नसलेला आवाज. शेवटचा आवाज एकदाच, ठळक ऐकू यायला हवा. त्याच्या आधी कुकर बंद झालेला असला पाहिजे, म्हणून संहितेत शिट्टीची जागा बदलली.

नटांबरोबरची तालीम याच नजरेच्या आधाराने चालली आहे. काकूंची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीने पहिल्या दिवशी विचारले, मुलाचे दुःख कळल्यावर मी चेहऱ्यावर काय दाखवू? मी तिला म्हटले, तुम्ही त्याच्या ताटाकडे पाहा आणि ठरवा की किती वाढायचे. त्यानंतर ती चेहऱ्याविषयी बोलली नाही. ती खऱ्या मेसमध्ये जाऊन काही संध्याकाळी वाढून आली. पोळी दोन बोटांत धरून घडी न मोडता ताटात कशी सोडायची, आमटीचा डाव वाटीच्या कडेला टेकवून थेंब कसा तोडायचा, नको म्हणणाऱ्या हातावरून वाढायचे की नाही हे कसे ओळखायचे, हे तिच्या मनगटात आले. मुलाचे काम करणारा मुलगा उपाशी येतो, कारण भूक असताना न जेवणे हे भूक नसताना न जेवण्यापेक्षा अगदी वेगळे दिसते. तालमीत अन्न खरे असते, गरम असते, आणि शेवटी आम्ही सगळे बसून ते जेवतो.

रविवारी रात्री मेस बंद असते. दुपारी गोडाधोडाचे जेवण झाले की काकू ओटा धुऊन टाकतात. त्या रविवारच्या रात्री त्यांनी आम्हाला खोली देऊ केली आहे. पोरे नसतील, तुमचे नट असतील, त्यांच्या तोंडासमोर काय धरायचे ते धरा, असेही त्या म्हणाल्या. परवानगी मिळाली, पण मी ती वापरायची नाही असे ठरवले आहे. नट जेवत असला तरी पडद्यावर तो तोच मुलगा असणार आहे.

एका शॉटवर मात्र अजून एकमत नाही. शेवटी मुलगा दाराशी उभा राहतो, काकू स्टुलावर बसून वही उघडतात. उंची पहिल्यांदाच उलटते. आता त्याला त्यांचा भांग, चष्म्याची दांडी आणि वहीवरचे पेन दिसते. त्या रेघ ओढतात, उरलेले पैसे परत देतात आणि मान वर न करता म्हणतात, "पोचलास की फोन कर रे." इथे त्यांनी एकदा वर पाहावे, दोघांचे डोळे एकदाच भिडावेत, असे मित्राला मनापासून वाटते. सतरा मिनिटे रोखलेली ती नजर इथे सुटली तर तिचे मोल मोठे असेल, हे त्याचे म्हणणे मला समजते, आणि रात्री झोपताना मला ते पटतेही. सकाळी मला वाटते की काकू वर पाहणार नाहीत, कारण वर पाहिले तर त्याला काहीतरी उत्तर द्यावे लागेल आणि ते त्याच्यापाशी नाही. संकलक म्हणते की दोन्ही घ्या, टेबलावर ठरवू. पण क्लोज हाताशी असला की तो वापरला जातोच, हे तिलाही माहीत आहे. त्या रविवारी आम्ही आधी पन्नासची लेन्स मुलाच्या उंचीवर लावून काकूंचा भांग, वही आणि पेन एवढेच घेऊ. मग अभिनेत्रीला विचारू की रेघ ओढून झाल्यावर तिला वर पाहावेसे वाटले का. तिने हो म्हटले तर कॅमेरा तिथून न हलवता तेच पुन्हा घेऊ.